जैवविघटनशील पॉलिमर सूक्ष्मकण

शरीरात हळूहळू विघटन पावणाऱ्या पॉलिमरपासून बनवलेले, औषध सामावून घेणारे कण. आकार १ ते १,००० मायक्रोमीटर; मात्र सुईत अडकू नयेत म्हणून टोचण्याचे कण बहुधा १०० मायक्रोमीटरच्या आतले ठेवतात. स्नायूत किंवा त्वचेखाली टोचले की ते काही आठवडे, कधी काही महिने औषध सोडत राहतात. शेवटी पॉलिमरही संपतो, त्यामुळे मागाहून काही काढावे लागत नाही.

सर्वांत रुळलेला पॉलिमर म्हणजे पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लांच्या एककांपासून तो बनतो. शस्त्रक्रियेतले विरघळणारे टाके याच कुळातले, आणि ते १९७० च्या दशकापासून वापरात असल्याने हा पदार्थ शरीराला सोसतो हे आधीच ठाऊक होते. ऊतींमधल्या पाण्याने ही एकके जोडणारे एस्टर बंध तुटतात. सुटलेल्या आम्लांचे अखेर कार्बन डायॉक्साइड व पाणी होते. दोन्ही एकके ५०:५० असतील तर कण साधारण एक-दोन महिन्यांत झिजतो, लॅक्टिक ७५ व ग्लायकॉलिक २५ टक्के असतील तर चार-पाच महिने लागतात. निव्वळ पॉलिलॅक्टिक आम्ल वर्षाहून अधिक टिकू शकते. म्हणून पॉलिमरला नुसते वेष्टण समजणे चूक. औषध कधी आणि किती सुटणार हे बऱ्याच अंशी तोच ठरवतो.

पाण्यात विरघळणारे औषध कणात कोंडण्यासाठी दुहेरी पायस (एकात न मिसळणाऱ्या द्रवांचे थेंबांचे मिश्रण) करतात. औषधाचे पाणी पॉलिमरच्या द्रावणात घुसळायचे, ते मिश्रण पुन्हा पाण्यात घुसळायचे आणि डायक्लोरोमिथेनसारखा द्रावक उडवून लावायचा. तयार औषधात डायक्लोरोमिथेन ६०० पीपीएमहून (दहा लाख भागांत ६०० भागांहून) जास्त उरलेले चालत नाही. घुसळण्याचा वेग किंवा वाळवण्याची रीत बदलली तरी औषध सुटण्याचे वेळापत्रक बदलते. त्यामुळे अशा औषधाची हुबेहूब जेनेरिक आवृत्ती काढणे साध्या गोळीपेक्षा कितीतरी अवघड.

अमेरिकेत १९८९ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी ल्युप्रोलाइडचे महिन्यातून एकदा घ्यायचे इंजेक्शन मंजूर झाले. २००३ मध्ये स्किझोफ्रेनिया या मनोविकारावरच्या रिस्पेरिडोनचे दर दोन आठवड्यांचे आले. त्याची गंमत अशी की पहिले तीन आठवडे कणांतून औषध जेमतेमच बाहेर येते. तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. काही कणांत उलटा प्रकार होतो: पृष्ठभागालगतचे औषध पहिल्याच दिवशी भसकन सुटते.

पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (स्थापना १९५०) पॉलिमर संशोधनासाठी नावाजलेली आहे. प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला जैवपॉलिमरचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. तिथे पॉलिलॅक्टिक आम्लावर भर आहे. मात्र पिशव्या-पेल्यांसाठी चालणारा पॉलिमर इंजेक्शनला चालत नाही. इंजेक्शनसाठी शुद्धतेच्या अटी फार कडक असतात. पीएलजीए साधारण ४० ते ६० अंश सेल्सिअसदरम्यान मऊ पडू लागतो, ओल लागल्यास त्याआधीच. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा अशा काही औषधांसाठी २ ते ८ अंशांची शीतसाखळी (कारखान्यापासून रुग्णापर्यंतचा थंडावा) राखणे हे औषधविक्रेत्याचेही काम होऊन बसते.

लशीच्या बाबतीत मात्र गाडी अडली. १९९० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने धनुर्वाताच्या सर्व मात्रा एकाच टोचणीत देण्याच्या प्रयत्नांना पाठबळ दिले. पण विघटनाबरोबर कणाच्या आत आम्ल साचते आणि लशीतले नाजूक प्रथिन तिथेच बिघडते. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमुळे लशींचे शहर म्हणवणाऱ्या पुण्यातही धनुर्वाताची लस आजही वेगवेगळ्या मात्रांतच टोचली जाते.