पार्श्वभूमी : फुकट संकेतस्थळांचं बिल कुणी भरलं?

पान सापडलं नाही की ब्राउझर ‘४०४’ दाखवतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या दोनच घरं अलीकडे ‘४०२’ बसला आहे, पण त्याची गाठ सहसा कुणाशी पडत नाही. त्याचा अर्थ ‘आधी पैसे भरा’. वेबचे नियम लिहिले जात होते तेव्हाच, १९९२च्या मसुद्यात, ही जागा ठरली होती. सर्व्हरने पैसे मागायचे, ब्राउझरने ते कुणाच्या नावावर मांडायचे हे सांगायचं आणि मग पान उघडायचं. प्रत्यक्षात ते पैसे घेणार कसे, हे मात्र कधी ठरलंच नाही. २०२२च्या नियमावलीतही ४०२ समोर ‘पुढील वापरासाठी राखीव’ एवढाच शेरा आहे.

शोधायचं, पाहायचं, निरोप धाडायचे आणि खिशाला हात लावायचा नाही, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की वेब जन्मतःच फुकट होतं असं वाटतं. तसं अर्धंच खरं. वेब फुकट राहिलं ते काही थोड्या लोकांनी वेळोवेळी घेतलेल्या निर्णयांमुळे, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जाहिरातींचा मनापासून तिटकारा होता. त्यांच्याच हातून जाहिरातींचं राज्य कसं उभं राहिलं, ते पाहण्यासारखं आहे.

पहिला निर्णय धंदेवाल्यांचा नव्हताच. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा मैदानात गोफर नावाचा तगडा प्रतिस्पर्धी अजून उतरायचा होता. गोफर म्हणजे इंटरनेटवरची माहिती याद्यांमधून निवडून उघडण्याची सोय, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची. १९९३च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं की गोफरचा सर्व्हर चालवणाऱ्या काहींकडून परवाना शुल्क घेतलं जाईल. लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्नने वेबचं तंत्र कुठलंही शुल्क न लावता सगळ्यांसाठी खुलं केलं. गोफर मागे पडण्याची कारणं आणखीही होती, पण ‘उद्या बिल येईल’ ही धास्ती त्यातली मोठी.

तंत्र फुकट झालं, तरी त्यावर उभ्या राहणाऱ्या संकेतस्थळांना सर्व्हरचं भाडं होतं, माणसांचे पगार होते. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी हॉटवायर्ड या संकेतस्थळाने पानाच्या माथ्यावर जाहिरातीची पट्टी लावली; एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची पट्टी त्यातली सर्वांत गाजलेली. मासिकाच्या पानावर जागा विकतात तसाच हा सरळ व्यवहार होता. त्याच सुमारास नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’ बनवली. ब्राउझरमध्ये ठेवायची ही एक छोटीशी चिठ्ठी, ऑनलाइन दुकानाला गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय आहे ते आठवावं म्हणून. पुढे हीच चिठ्ठी जाहिरातदारांनी माणसाच्या मागावर राहण्यासाठी वापरली.

गिऱ्हाइकाकडूनच थेट पैसे घेऊन टिकलेल्यांमध्ये पिएर ओमिड्यार यांची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. सप्टेंबर १९९५च्या एका लांबलेल्या शनिवार-रविवारी त्यांनी ‘ऑक्शनवेब’ नावाचं लिलावाचं पान लिहिलं; पुढे त्याचंच ‘ईबे’ झालं. पहिली विकलेली वस्तू म्हणजे त्यांचाच बिघडलेला लेझर पॉइंटर. किंमत आली १४.८३ डॉलर. वस्तू बिघडलेली आहे हे कळलंय ना, असं त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, तर तो बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवणारा निघाला. पान चालू लागलं, गर्दी वाढली, तशी सर्व्हरची जागा देणाऱ्या कंपनीने महिन्याचे ३० डॉलर सोडून धंदेवाल्यांच्या दराने २५० डॉलर मागितले. तेव्हा कुठे ओमिड्यारनी विकणाऱ्यांवर छोटी टक्केवारी लावली: २५ डॉलरपर्यंतच्या वस्तूवर ५ टक्के, त्यापुढे अडीच.

वसुली कशी होणार? विश्वासावर. लोक पाकिटातून पैसे धाडू लागले. कुणी चेक, कुणी नोटा, कुणी पुठ्ठ्याच्या कार्डावर चिकटपट्टीने डकवलेली चिल्लर. पाकिटांचा ढीग इतका वाढला की ती फोडायला माणूस ठेवावा लागला. ईबेच्या नोकरवर्गाची सुरुवात अशी झाली. ओमिड्यारनी हे पान होणाऱ्या बायकोला पेझच्या गोळ्यांच्या डब्या जमवता याव्यात म्हणून काढलं, ही कथा वर्षानुवर्षं छापून येत होती. ती १९९७मध्ये कंपनीच्या जनसंपर्क विभागाने रचली होती, कारण खरी हकिगत पत्रकारांना रुचत नव्हती. संस्थापकांच्या कथा वाचताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं.

ती डकवलेली चिल्लर महत्त्वाची, कारण वेबचं खरं दुखणं तिथे दिसतं. एका लेखाचे दोन सेंट किंवा एका शोधाचा अर्धा सेंट घ्यायचा म्हटलं, तर कार्डाच्या व्यवहाराचा खर्चच त्याहून जास्त. पेपालने पैसे पाठवणं सोपं केलं, आणि सुरुवातीला नव्या माणसाला खातं उघडल्याबद्दल १० डॉलर हातावर ठेवून गर्दीही खेचली. २००२मध्ये ईबेने ती कंपनी दीड अब्ज डॉलरना घेतली. पण चिल्लरीचा प्रश्न पेपाललाही सुटला नाही. वाचणाऱ्याकडून दोन सेंट मिळत नाहीत, तर ते दुसऱ्या कुणाकडून तरी घ्यायचे, एवढाच रस्ता उरला.

तो रस्ता दाखवणाऱ्याचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. बिल ग्रॉस यांनी १९९८मध्ये ‘गोटू’ हे शोधयंत्र काढलं. त्यात शोधशब्दांचा लिलाव होई. ‘विमा’ या शब्दावर जो जास्त बोली लावेल तो सगळ्यात वर. बोली एका सेंटपासून सुरू. आणि कुणी क्लिक केलं तरच पैसे. कोण किती मोजतो आहे ते निकालाशेजारी उघड छापलेलं असे. जाणकारांनी नाकं मुरडली: शोधाचे निकाल विकायला काढले! ओरड रास्तच होती. पण माणूस जे शोधतो आहे त्या शब्दाची किंमत पानावरच्या जागेपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे ग्रॉस यांनी आधी ओळखलं.

गूगलचे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये शोधनिबंध लिहीत होते. जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार, असं त्यांनी त्यात स्वच्छ लिहून ठेवलं आहे. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०००मध्ये, त्यांनीच ‘ॲडवर्ड्स’ ही जाहिरातींची सेवा सुरू केली. मधल्या काळात डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या वारेमाप चढलेल्या शेअरभावांचा, फुगा फुटला होता. मार्चमध्ये नॅस्डॅक हा अमेरिकी शेअर निर्देशांक ५,००० च्या वर होता आणि नंतर घसरतच गेला. फेब्रुवारीत बाजारात उतरलेली पेट्स डॉट कॉम नोव्हेंबरात गुंडाळली गेली. गुंतवणूकदारांच्या पैशावर फुकट सेवा देत राहण्याचे दिवस संपले होते.

२००२मध्ये गूगलने लिलाव आणि क्लिकला पैसे, दोन्ही घेतलं. वर स्वतःची एक मेख मारली. समजा, एकाची बोली १ डॉलर आणि त्याच्या जाहिरातीवर शंभरात एकजण क्लिक करतो. दुसऱ्याची बोली निम्मीच, पण शंभरात चौघं क्लिक करतात. पहिल्याकडून शंभर वेळा दाखवून १ डॉलर सुटतो, दुसऱ्याकडून २. म्हणून कमी बोलीवाला वर. शोधणाऱ्याला उपयोगी जाहिरात आणि गल्ल्यात जास्त पैसे, दोन्ही एकाच गुणाकारात. शिवाय जाहिराती निकालांपासून वेगळ्या ठेवल्या, त्यामुळे सदसद्विवेकबुद्धीचीही समजूत निघाली. गोटूने (तोवर नाव ‘ओव्हर्चर’) पेटंटचा दावा ठोकला. पुढे ओव्हर्चर याहूने विकत घेतली आणि ऑगस्ट २००४मध्ये, शेअर बाजारात उतरण्याच्या तोंडावर, गूगलने २७ लाख शेअर याहूला देऊन प्रकरण मिटवलं.

या वाटेला ठाम नकार देणारं मोठं उदाहरण एकच, विकिपीडिया. आणि तेही त्याच्या संपादकांनी भाग पाडल्यामुळे. २००१मध्ये ते सुरू झालं तेव्हा खर्च जिमी वेल्स यांची ‘बोमिस’ ही कंपनी उचलत होती, आणि बोमिस जाहिरातींवर चालायची. उद्या इथेही जाहिराती येतील, या धास्तीने २००२च्या फेब्रुवारीत स्पॅनिश विकिपीडियाचे कितीतरी संपादक वेगळे झाले आणि त्यांनी स्वतःचा ज्ञानकोश काढला. झटका वर्मी बसला. पुढच्या वर्षी ना-नफा प्रतिष्ठान उभं राहिलं आणि देणग्यांचा मार्ग धरला गेला.

याहूत जाहिरातींच्या जगात बरीच वर्षं काढून बाहेर पडलेले जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९मध्ये व्हॉट्सॲप उभारलं. ‘जाहिराती नाहीत, खेळ नाहीत, चमकोगिरी नाही’ अशी ॲक्टन यांच्या हातची चिठ्ठी कूम यांच्या टेबलावर चिकटवलेली असे. पहिलं वर्ष फुकट, मग वर्षाला एक डॉलर, हा त्यांचा साधा हिशेब. २०१४मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरना व्हॉट्सॲप विकत घेण्याचं जाहीर केलं. जानेवारी २०१६मध्ये तो एक डॉलरही माफ झाला. ॲक्टन २०१७मध्ये बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी देणग्यांवर चालणाऱ्या सिग्नल या निरोपांच्या ॲपसाठी त्यांनी पदरचे ५ कोटी डॉलर घातले. कूम यांनीही २०१८मध्येच निरोप घेतला. जून २०२५मध्ये व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये जाहिराती दाखवण्याची घोषणा झाली.