नावेच्या पुढे धावणारी लाट

१८३४ सालच्या ऑगस्टमध्ये एडिनबरोजवळच्या युनियन कालव्यात दोन घोडे एक नाव ओढत होते आणि जॉन स्कॉट रसेल हा तरुण अभियंता ती काठावरून पाहत होता. नाव अचानक थांबली, पण तिने ढकलत आणलेले पाणी थांबले नाही. नाळेपाशी, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकाशी, क्षणभर खळबळून त्याचा एक गुळगुळीत, गोलसर उंचवटा तयार झाला आणि तो नावेला मागे टाकून पुढे निघाला. सुमारे ९ मीटर लांब आणि फूट-दीड फूट उंच अशा त्या लाटेचा रसेलने घोड्यावरून पाठलाग केला, तेव्हा ताशी १३-१४ किलोमीटर वेगाने जातानाही तिचा आकार फारसा बदलत नसल्याचे त्याला दिसले.

उथळ पाण्यात लांब लाटेचा वेग मुख्यतः खोलीवर ठरतो. दीड मीटर खोल पाण्यात तो ताशी सुमारे १४ किलोमीटर येतो. नावेच्या वेगाला या वेगाने भागले की खोलीवर आधारलेला फ्रूड अंक मिळतो. हा अंक १ च्या जवळ आला की नावेने पाण्याला दिलेली ऊर्जा तिच्यापासून दूर जाऊ शकत नाही आणि नाळेशी साचत राहते. लाटेची उंची अगदी कमी मानणाऱ्या रेषीय समीकरणांनुसार अशी लाट अमर्याद वाढायला हवी. प्रत्यक्षात उंच लाट थोडी अधिक वेगाने धावते, त्यामुळे पुरेशी वाढल्यावर ती नावेपुढे सुटते आणि तिच्या जागी दुसरी वाढू लागते. एकाच वेगाने सरकणारा दाब अशा एकल लाटा, म्हणजे रसेलने पाहिली तसे आकार टिकवणारे एकेकटे उंचवटे, ठरावीक काळाने एकामागून एक पुढे सोडतो, हे १९८२ साली डी. एम. वू आणि टी. वाय. वू यांनी बूसिनेस्क समीकरणे, म्हणजे उथळ पाण्यातील लांब लाटांची समीकरणे, संगणकावर सोडवून दाखवले. स्थिर कारणातून असा तालबद्ध परिणाम निघावा, याचे मला आजही नवल वाटते.

अशा संगणकीय प्रारूपात कालव्याचे लहान लहान चौकटींत विभाजन करतात, नावेऐवजी पृष्ठभागावर सरकणारा दाब घेतात आणि प्रत्येक चौकटीतील पाण्याची उंची व वेग क्षणाक्षणाने पुढे मोजत नेतात. खरी अडचण पुढे आहे. उथळ पाण्याची साधी समीकरणे वापरली तर लाटेची पुढची बाजू अधिकाधिक उभी होत जाऊन अखेर पाण्याची भिंत बनते, कारण लाट पसरवणारा, म्हणजे अपस्करणाचा, घटक त्यांत नसतो. बूसिनेस्क समीकरणांत तो असतो. परंतु चौकटी मोठ्या आणि गणनपद्धत ढोबळ असेल तर आकडेमोडीतील त्रुटीही गणिती रूपाने अपस्करणासारखीच दिसते, आणि पडद्यावर उमटलेली लाट पाण्याची की चौकटींच्या जाळीची हे कळेनासे होते. म्हणून अवकाशातील बदल चौथ्या कोटीच्या अचूकतेने (चौकट निम्मी केली की त्रुटी सुमारे सोळाव्या हिश्शावर येईल अशा रीतीने) मोजतात, चौकटी निम्म्या करून तीच गणना पुन्हा करतात आणि लाटांमधील अंतर बदलते का ते तपासतात. माझ्या मते ही तपासणी न केलेल्या आलेखावर विश्वास ठेवू नये.

कालव्याची रुंदीही महत्त्वाची ठरते. नाव मधोमध असली तरी पुढे सुटलेल्या लाटा काठांवरून परावर्तित होत जाऊन अखेर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ होतात, म्हणून त्यांच्यासाठी कालव्याच्या लांबीपुरते एकमितीय प्रारूपही बरेचसे पुरते; नावेमागच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या लाटांसाठी मात्र रुंदीही हिशेबात घ्यावी लागते.