तिघं उभे राहिले

एप्रिल १८२९. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात एका मेथडिस्ट चर्चमध्ये आठ दिवस जाहीर वाद रंगला. एका बाजूला रॉबर्ट ओवेन, गिरणीमालक असूनही समाजवादी, आणि सगळे धर्म अज्ञानातून जन्मले असं उघड म्हणणारा. समोर धर्मोपदेशक अलेक्झांडर कॅम्पबेल. ओवेनने मानवी स्वभावाचे बारा नियम लिहून आणले होते. काहीही विचारा, स्वारी फिरून त्या बारांवरच! कॅम्पबेलचं एकच भाषण बारा तासांचं झालं (एका बैठकीत नव्हे, सुदैवाने).

शेवटी कॅम्पबेलने ख्रिस्ती धर्माच्या बाजूच्या श्रोत्यांना उभं राहायला सांगितलं. जवळजवळ सगळी सभा उठली. मग विरोधकांना सांगितलं, तेव्हा तिघं उठले.

चर्चमध्येच कौल लावल्यावर दुसरं काय होणार? शिवाय नुसतं उभं राहायला पदरचं काही जात नाही.

ओवेनची खरी परीक्षा आधीच होऊन गेली होती. १८२५मध्ये त्याने इंडियाना राज्यातलं न्यू हार्मनी हे अख्खं गाव विकत घेऊन आदर्श समाजाचा घाट घातला. शास्त्रज्ञ आले, शिक्षक आले, राबणारे हात मात्र कमी पडले. गावाच्या कारभारासाठी एकामागून एक संविधानं लिहिली गेली आणि १८२७पर्यंत प्रयोग बारगळला. गंमत म्हणजे गाव विकणारे, धर्मगुरू जॉर्ज रॅपचे जर्मन भक्त तिथेच दहा वर्षं सुखाने नांदले होते. त्यांची मालमत्ता सामाईक होती आणि ते ब्रह्मचर्यही पाळत.

मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड सोसिस यांनी एका सहकाऱ्यासह एकोणिसाव्या शतकातल्या अशा ८३ अमेरिकी वसाहतींचा अभ्यास २००३मध्ये मांडला. धार्मिक वसाहती जास्त टिकल्या होत्या. त्यातही खाणंपिणं, कपडे, पैसा यांवर जितकी बंधनं जास्त, तितकं आयुष्य जास्त. ज्याने एवढं सोडलं तो फुकट खायला आलेला नसणार, हा भरवसा शेजाऱ्याला वाटतो. निधर्मी वसाहतींत मात्र बंधनं वाढवून आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. सोसिस यांचा अंदाज असा, की माणसाने केलेल्या नियमाचा नफातोटा माणूस मोजतो. देवाच्या नावाने आलेला नियम सहसा मोजला जात नाही.

रॅपपंथीयांचा संघ शंभर वर्षं टिकला. पण ब्रह्मचर्यामुळे घरात पाळणा हलला नाही. माणसं रोडावत गेली आणि १९०५च्या सुमारास संघ विसर्जित झाला.