अग्निबंबाचा जुना गिअरबॉक्स नागपुरात घ्यायचा असेल तर: पात्रता, कागदपत्रे, अर्ज आणि तपासणी

पाण्याचा टँकर, टिप्पर किंवा बोअरवेलची गाडी चालवणाऱ्यांना जुन्या टाटा किंवा अशोक लेलँड चासीसाठी चांगला गिअरबॉक्स मिळणे दिवसेंदिवस अवघड होत आहे. निर्लेखित, म्हणजे सेवेतून काढलेला, अग्निबंब हा त्याचा एक चांगला स्रोत आहे. बहुतेक बंब साध्या ट्रकच्या चासीवरच बांधलेले असतात आणि 15 वर्षांत त्यांचे किलोमीटरही फार होत नाहीत. मात्र बंब कोणाच्या मालकीचा होता यावर त्याचा गिअरबॉक्स तुम्हाला थेट घेता येईल की नाही हे ठरते. भावाची बोलणी त्यानंतर.

कोणाला काय घेता येते

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 16 जानेवारी 2023 च्या अधिसूचनेने नियम 52-अ आला आणि 1 एप्रिल 2023 पासून तो लागू झाला. केंद्र व राज्य शासन, महापालिका व नगरपालिका, एसटीसारखी परिवहन महामंडळे, सार्वजनिक उपक्रम आणि स्वायत्त संस्था यांच्या गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर नूतनीकरण होत नाही. आधी नूतनीकरण झालेले असले तरी 15 वर्षे पूर्ण होताच नोंदणी रद्द समजली जाते. संरक्षण, कायदा-सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षेच्या विशेष गाड्यांना यातून सूट आहे, महापालिकेच्या बंबाला नाही. अशी गाडी नोंदणीकृत वाहन स्क्रॅपिंग केंद्रातच जमा करावी लागते.

याचा अर्थ सरळ आहे. नागपूर महापालिकेचा, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्राचा किंवा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणीवरचा 15 वर्षे झालेला अख्खा बंब ई-लिलावात निघाला, तर बोली लावण्याचा अधिकार स्क्रॅपिंग केंद्रांनाच असतो. गॅरेजवाला, ट्रकमालक किंवा भंगार व्यापारी त्यात पात्र नाही. "लिलावातून अख्खा बंब काढून देतो" असे सांगून आगाऊ रक्कम मागणाऱ्यापासून म्हणूनच लांब राहावे.

सामान्य खरेदीदारासाठी तीन वाटा उरतात. पहिली, स्क्रॅपिंग केंद्राने गाडी सोडवल्यावर काढलेला गिअरबॉक्स केंद्राकडून बिलावर घेणे. पुन्हा वापरण्याजोगे सुटे भाग केंद्राला विकता येतात. चासी क्रमांकाचा तुकडा मात्र बाहेर जात नाही. दुसरी, विभागाच्या वर्कशॉपमध्ये दुरुस्तीच्या वेळी बदलून पडलेले जुने गिअरबॉक्स. ते वाहन नसून भांडाराचा निरुपयोगी माल असतो, त्यामुळे त्याच्या लिलावात ई-लिलावाच्या पोर्टलवर नोंदणी केलेल्या कोणालाही साधारणपणे बोली लावता येते. तिसरी, बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतल्या खासगी कारखान्याचा स्वतःचा बंब. त्याला 52-अ लागू नाही. कंपनी अख्खी गाडी विकू शकते किंवा नुसता गिअरबॉक्स.

आमच्या मते एका गिअरबॉक्सची गरज असलेल्याने पहिलीच वाट धरावी. भाव थोडा जास्त पडतो, पण माल हाताने फिरवून पाहता येतो आणि कागदही पूर्ण मिळतात.

स्क्रॅपिंग केंद्राकडून घेताना

केंद्र खरोखर नोंदणीकृत आहे का हे परिवहन मंत्रालयाच्या व्ही-स्क्रॅप पोर्टलवरच्या यादीत पाहा. ही केंद्रे 2021 च्या वाहन स्क्रॅपिंग केंद्र नियमांखाली चालतात, आणि 1 एप्रिल 2025 पासून पर्यावरण खात्याचे आयुर्मान संपलेल्या वाहनांचे नियमही त्यांना लागू आहेत. नुसती "स्क्रॅप सेंटर" अशी पाटी असणे पुरेसे नाही.

खरेदीसाठी वेगळा सरकारी अर्ज नाही. केंद्राला साध्या कागदावर किंवा ई-मेलने मागणी द्या. त्यात चासीचे मॉडेल, तुमच्या गिअरबॉक्सच्या पट्टीवरचा क्रमांक, गिअरची संख्या आणि पीटीओची (इंजिनची ताकद पंपासारख्या यंत्राकडे नेणाऱ्या जोडणीची) खिडकी हवी की नको हे लिहा. तुमच्याकडून ओळखपत्र, पॅन आणि नोंदणी असल्यास जीएसटी क्रमांक लागतो. त्यांच्याकडून हे घ्या:

- कर बीजक. त्यावर गिअरबॉक्सचा अनुक्रमांक, मूळ गाडीचा नोंदणी क्रमांक आणि 8708 हा एचएसएन गट (जीएसटीतला मालाचा संकेतांक) असावा
- मूळ गाडीच्या जमा प्रमाणपत्राची किंवा स्क्रॅपिंग प्रमाणपत्राची प्रत
- तपासणीची किंवा परतीची मुदत दिली असेल तर ती बिलावरच लिहून

बिलावर नुसते "जुने सुटे भाग, 1 नग" असेल तर ते बदलून मागा. गिअरबॉक्सचा क्रमांक आरसी बुकात नसतो, म्हणून उद्या चौकशी झाली तर तुमचा माल आणि मूळ गाडी यांना जोडणारा हा एकच धागा असतो. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना किंवा तसे मानायला कारण असताना ती घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. मूळ गाडीचा एमएच-31, 40 किंवा 49 जो काही क्रमांक असेल तो परिवहनच्या पोर्टलवर टाकून पाहा. तिथे नोंदणी अजून चालू दिसत असेल तर आधी खुलासा मागा, पैसे नंतर.

भांडाराच्या ई-लिलावातून घेताना

असे लिलाव मुख्यतः एमएसटीसी (केंद्र सरकारची ई-लिलाव कंपनी) आणि जेम (सरकारी खरेदीचे पोर्टल) यांच्या फॉरवर्ड ऑक्शनवर होतात. खरेदीदार म्हणून एकदाच ऑनलाइन नोंदणी करावी लागते. पॅन, ओळख व पत्त्याचा पुरावा, रद्द केलेला धनादेश, जीएसटी प्रमाणपत्र आणि फर्म असल्यास भागीदारी पत्र किंवा अधिकारपत्र तयार ठेवा. काही लिलावांना डिजिटल सही लागते. पॅन, बँक खाते आणि जीएसटी यांवरचे नाव अक्षरशः एकच असू द्या. एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे शेवटी, एवढ्यावरूनही पडताळणी अडकते.

त्यानंतर लिलावाची सूची उघडून विशेष अटी पूर्ण वाचा. घाई इथेच महागात पडते. लॉट "नग" मध्ये आहे की "मेट्रिक टन" मध्ये? टनाचा लॉट असेल तर बोली प्रति टन धरली जाते. किलोचा भाव मनात ठेवून आकडा टाकला की बोली बादच होते. लॉटमध्ये वापरलेले तेल किंवा बॅटऱ्या असतील तर तो लॉट घातक टाकाऊ वर्गात जातो आणि तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेलाच खरेदीदार चालतो. "गिअरबॉक्स स्क्रॅप" या शीर्षकाखाली कधी नुसती रिकामी केसिंग असतात, म्हणून पाहणीच्या दिवशी यार्डात जाऊनच या. माल "जसे आहे, जिथे आहे" या अटीवर विकला जातो. नंतर तक्रारीला जागा नाही.

बोलीआधी अनामत रक्कम भरावी लागते. सर्वांत जास्त बोली तुमची असली तरी लॉट "मंजुरीच्या अधीन" असेल तर विभाग होकार देईपर्यंत तो तुमचा नसतो, आणि या काळात अनामत अडकून राहते. मंजुरी मिळाली की विक्रीची सूचना येते. ठरलेल्या मुदतीत उरलेली रक्कम भरली की डिलिव्हरी ऑर्डर निघते. मुदत चुकली तर अनामत जप्त होते. मोफत दिवसांत माल उचलला नाही तर जागाभाडे सुरू होते.

बोलीत कर धरलेला नसतो. 60,000 रुपयांची बोली म्हणजे 18 टक्के जीएसटीचे 10,800 धरून 70,800 रुपये. वाहनांच्या भागांचा दर 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे. भंगार म्हणून विकलेल्या मालावर टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) वेगळा लागतो, क्रेन व वाहतूक त्याहून वेगळी. हा हिशेब आधी मांडून मगच आपली कमाल बोली ठरवा.

खासगी कारखान्याकडून गिअरबॉक्स घेतलात तर कंपनीचे बीजक आणि गेटपास पुरतो. अख्खी गाडी घेतलीत तर नमुना 29 व 30 भरून मालकी नावावर करावी लागते. ती तोडायची असेल तर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून नोंदणी रद्द करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाल्यावर मालकाने 14 दिवसांत कळवायचे असते.

बंबाच्या गिअरबॉक्सची तपासणी वेगळी का

मीटरवरचे किलोमीटर इथे फसवे असतात. आग विझवताना गाडी उभी असते आणि इंजिन तासन्‌तास पंप फिरवत असते. पंपाचा पीटीओ प्रोपेलर शाफ्टच्या मध्ये बसवलेला असेल तर पंपिंग डायरेक्ट गिअरमध्ये चालते. सगळी ताकद क्लच शाफ्टमधून थेट मेन शाफ्टमध्ये जाते आणि समोरून वारा नसल्याने तेल तापते. अशा गिअरबॉक्समध्ये पहिला-दुसरा गिअर नव्यासारखा दिसतो, पण क्लच शाफ्टचे बेअरिंग आणि डायरेक्ट गिअरचे डॉग-दात (गिअर अडकवणारे दात) झिजलेले असतात. पीटीओ बाजूच्या खिडकीवर असेल तर भार काउंटर शाफ्टच्या एकाच गिअरवर येतो. खिडकीचे झाकण उघडून त्याच गिअरचे दात टॉर्चने पाहा. दातांवर बारीक खड्डे पडलेले असतील तर तो नग सोडा. शक्य असेल तर विकणाऱ्याकडे गाडीचे लॉगबुक मागा. पंपाचे तास हाच खरा वापर.

दुसरा दोष पाण्याचा. अग्निशमन ठाण्यात बंब रोज सुरू करून थोड्या वेळाने बंद केला जातो. तेल पुरेसे तापत नाही आणि आतला ओलावा उडून जात नाही. निर्लेखनानंतर लिलाव होईपर्यंत गाडी उघड्यावर उभी असते. गिअर लिव्हरचा वरचा भाग कोणी काढून नेलेला असेल तर नागपूरचा एक पावसाळा थेट आत जातो. ड्रेन प्लग सोडवून तेल पाहा. दुधाळ तेल म्हणजे पाणी. लोहचुंबकावरची काळी पेस्ट चालते, टोचणारे कण चालत नाहीत. तेल आधीच काढलेले असेल तर वरच्या बाजूच्या गिअरवर गंज आहे का ते पाहा; खालचे गिअर तेलात बुडालेले असल्याने चांगलेच दिसतात.

जुळणी डोळ्यांनी ठरवू नका. क्लच शाफ्टच्या खाचा मोजा आणि व्यास व्हर्नियरने घ्या. बेल हाउसिंगच्या भोकांचा पुठ्ठ्यावर छाप काढून न्या. मागच्या फ्लँजचे बोल्ट मोजा. गुणोत्तर तपासायला पहिल्या गिअरमध्ये टाकून फ्लँजवर खडूची खूण करा आणि फ्लँजचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत क्लच शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजा. प्रत्येक गिअरला हेच करा आणि तुमच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. केसिंगच्या माउंटिंगच्या कानांवर व पीटीओ खिडकीच्या कडेला वेल्डिंग केलेले दिसले तर तो नग घेऊ नका.

विमानतळाच्या क्रॅश टेंडरमधला (तिथल्या खास अग्निबंबातला) ॲलिसन कंपनीसारखा ऑटोमॅटिक ट्रान्समिशन हे वेगळेच प्रकरण आहे. तो कंट्रोल मॉड्यूल, वायरिंग आणि शिफ्ट सिलेक्टरसह मिळत नसेल तर त्याची किंमत धातूच्या वजनाइतकीच धरा. वेगवेगळ्या पिढ्यांचे मॉड्यूल एकमेकांना चालत नाहीत आणि दुसऱ्या गाडीत बसवताना कॅलिब्रेशन अधिकृत डीलरकडूनच करावे लागते. टँकरसाठी हा खर्च परवडत नाही.

उचलताना आणि आरटीओकडे

ट्रकचा मॅन्युअल गिअरबॉक्स साधारण शंभर ते दोनशे किलोंचा असतो. एक टनाचा चेन-ब्लॉक आणि लाकडी पाळणा घेऊन जा. क्लच शाफ्टच्या टोकाला दोर बांधून उचलला की शाफ्ट वाकतो, बेअरिंग खचते आणि दोष गाडीत बसवल्यावरच कळतो. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख रुपयांपर्यंतच्या मालाला ई-वे बिल लागत नाही. रायपूर किंवा जबलपूरहून आणताना मात्र 50,000 रुपयांच्या वर ते हवेच. 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने त्याची मुदत असते, म्हणून रायपूरहून येताना दोन दिवसांची मिळते.

त्याच मॉडेलचा, तितक्याच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स बदलणे ही दुरुस्ती आहे. आरसीत नोंद करावी लागत नाही. मॅन्युअलऐवजी ऑटोमॅटिक, किंवा पीटीओवर नवा पंप असा बदल करायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा (गाडीतील फेरबदलांचा) प्रश्न येतो. त्यासाठी काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करा. 15 वर्षे झालेले बंब बीएस-3 किंवा त्याआधीच्या प्रदूषण मानकाचे असतात. बीएस-6 गाडीत त्यांचा गिअरबॉक्स घालू नका, कारण इंजिनच्या ईसीयूला (नियंत्रक संगणकाला) हवे असलेले सेन्सर त्यात नसतात.

फिटनेसच्या वेळी एक अडचण हमखास येते. अग्निबंबांना स्पीड गव्हर्नरमधून (वेग मर्यादित ठेवणाऱ्या यंत्रातून) सूट आहे, त्यामुळे त्यांच्या गिअरबॉक्सवर स्पीड सेन्सरची जागा नुसत्या झाकणाने बंद केलेली असू शकते. तुमच्या मालवाहू गाडीला गव्हर्नर सक्तीचा आहे. मागच्या कव्हरमध्ये सेन्सरचे भोक आणि आत दातेरी चकती आहे का हे खरेदीआधीच पाहा. नसेल तर जुन्या गिअरबॉक्सचे मागचे कव्हर व चकती काढून ठेवा आणि ती यावर बसते का हे मेकॅनिककडून तपासून घ्या. हे राहून गेले तर स्पीडोमीटर शून्य दाखवतो आणि गाडी फिटनेसमध्ये नापास होते.

पीटीओ काढून टाकणार असाल तर खिडकीवर नव्या गॅस्केटसह जाड पत्र्याची प्लेट घट्ट बसवा. तेल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दर्जाचेच भरा. पितळी सिंक्रो रिंग असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-4 सांगितलेले असताना जीएल-5 टाकले तर त्यातली रसायने रिंग खाऊ शकतात. पहिले तेल पाचशे ते हजार किलोमीटरवर काढा, चुंबक पुसून पुन्हा पाहा आणि मग नेहमीच्या मुदतीवर जा.