बहुवारिकांतील रेणवीय चलनशीलता व शिथिलन : मापनपद्धती

बहुवारिकाचा (पॉलिमरचा) तुकडा हाताला कितीही घट्ट लागला, तरी त्याच्या साखळीरेणूंचे भाग आत सतत हलत असतात. ताण दिला किंवा विद्युत् क्षेत्र लावले की साखळ्या नव्या समतोलाकडे सरकू लागतात. या सरकण्याला शिथिलन आणि त्याला लागणाऱ्या वेळेला शिथिलनकाल म्हणतात. साखळीला चिकटलेला एखादा लहान गट नॅनोसेकंदांत फिरतो. काचसंक्रमण तापमानाच्या (ज्याच्या खाली बहुवारिक काचेसारखा कडक आणि वर मऊ होतो त्या तापमानाच्या) बरेच खाली मुख्य साखळीच्या खंडांना वर्षेही अपुरी पडतात. एवढा पल्ला एका उपकरणाच्या आवाक्यात येत नाही.

बडोद्यात हा विषय कारखान्यांच्या वाटेने आला. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल (इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन) स्थापन झाली आणि पॉलिथीन, पॉलिप्रॉपिलीन, पीव्हीसी ही नावे शहराच्या बोलण्यात रुळली. ट्रान्सफॉर्मर आणि केबल हाही येथला मोठा धंदा. इन्सुलेशन तपासणाऱ्या अभियंत्याच्या तोंडी ‘टॅन डेल्टा’ रोज असतो : प्रत्यावर्ती (एसी) विद्युत् दाबाखाली उष्णता होऊन वाया जाणारा भाग आणि साठून परत मिळणारा भाग यांचे गुणोत्तर. पॉलिमर प्रयोगशाळेत यांत्रिक ताणासाठी नेमके हेच गुणोत्तर काढतात.

त्या पद्धतीला गतिक यांत्रिक विश्लेषण म्हणतात. पट्टीला बहुधा सेकंदाला एक या गतीने हलके झोके देत तापमान वाढवत नेतात. रेणूंची एखादी हालचाल झोक्याच्या लयीशी जुळली की टॅन डेल्टाचे शिखर उमटते. अ‍ॅक्रिलिक काचेत मोठे, म्हणजे अल्फा शिखर १०० अंश सेल्सिअसच्या वर येते. ते मुख्य साखळीचे. खोलीच्या तापमानाच्या आसपास दिसणारे रुंद बीटा शिखर साखळीच्या बाजूला लटकणाऱ्या एस्टर गटांच्या फिरण्याचे. वारंवारता दसपट केली की अल्फा शिखर काही अंशांनी वर सरकते. म्हणून ‘पीव्हीसीचे काचसंक्रमण ८० अंशांना’ हे वाक्य वारंवारता किंवा तापवण्याचा वेग सांगितल्याशिवाय अर्धेच राहते. दर्जापत्रकांत हा तपशील अनेकदा गाळलेला असतो, आणि मग दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत म्हणून विनाकारण वाद होतो. तापमान आणि काळ यांची ही अदलाबदल विल्यम्स, लँडेल व फेरी यांनी १९५५ मध्ये सूत्रात बांधली. काचसंक्रमणापासून त्यावर साधारण १०० अंशांपर्यंत ते चालते. बीटा शिखराला मात्र आऱ्हेनियसचे, तापमानाप्रमाणे वेग कसा वाढतो ते सांगणारे, साधे समीकरण लागू पडते.

विद्युत् अपारक वर्णपटमिती (बदलत्या विद्युत् क्षेत्राला पदार्थ देत असलेला प्रतिसाद मोजणे) यापेक्षा कितीतरी रुंद पट्टा पाहते : सेकंदाला एकाहून कमी आवर्तनांपासून अब्जावधींपर्यंत. तिचा सैद्धांतिक पाया पीटर डिबाय यांचा. अडचण एवढीच की तिला ध्रुवीय गट, म्हणजे एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्याला किंचित ऋण भार असलेले गट, लागतात. पीव्हीसी ठळक उत्तर देते, शुद्ध पॉलिथीन जवळजवळ गप्प बसते. ऑक्सिडीकरणाने साखळीवर थोडे कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचे ध्रुवीय) गट आले की तेही बोलू लागते. संशोधक कधी कधी ते मुद्दाम आणतात, जुन्या केबलमध्ये ते आपोआप येतात.

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाला (एनएमआर) असे गट लागत नाहीत, हायड्रोजन पुरतो. स्फटिकी भागाचा संकेत दहा-वीस मायक्रोसेकंदांत विरतो, मोकळ्या भागाचा बराच टिकतो. त्यामुळे एकाच नमुन्यातले ताठ आणि चपळ भाग वेगळे मोजता येतात, आणि रबरातील साखळ्या एकमेकींशी किती बांधल्या गेल्या याचाही अंदाज येतो.

भेददर्शी क्रमवीक्षण उष्मामिती (डीएससी), म्हणजे तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणे, सर्वांत सोपी. काचसंक्रमणाला उष्माधारकतेची पायरी आणि साठवणीत जुन्या झालेल्या मालात तिच्यावर उमटणारा उंचवटा ती दाखवते. बीटासारख्या दुय्यम हालचाली तिला सहसा दिसत नाहीत. पिकोसेकंदांच्या हालचालींसाठी न्यूट्रॉन प्रकीर्णन (नमुन्यावरून विखुरलेले न्यूट्रॉन मोजणे) लागते. त्यासाठी अणुभट्टी किंवा तत्सम न्यूट्रॉनस्रोत हवा. भारतात असे प्रयोग मुंबईतील तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) ‘ध्रुव’ अणुभट्टीवर होतात. हायड्रोजन न्यूट्रॉनांना फार जोराने विखुरतो, ड्युटेरियम (जड हायड्रोजन) त्या मानाने थोडे. म्हणून बाजूच्या गटांत ड्युटेरियम घातले की मुख्य साखळीची हालचाल वेगळी वाचता येते.