चर्च उभं राहण्याआधीची मंडळी: ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती तरुणाईची पार्श्वभूमी

डिसेंबर लागला की ठाण्यात, वाशीत, नेरूळला संध्याकाळी कॅरोल गाणारे गट घरोघरी फिरू लागतात. त्यात कॉलेजातली मुलं-मुली असतात, नुकती नोकरीला लागलेली असतात, दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) वर्गातली शाळकरी पोरंही असतात. हीच मुलं एरवी रविवारी क्वायरमध्ये गातात, संडे स्कूल घेतात, युथ ग्रुपमध्ये साक्ष देतात. प्रभूने मला कसं सावरलं, हे मोबाइलसमोर उभं राहून दोन मिनिटांत सांगतात. गिटार, ड्रम आणि इंग्रजी स्तुतिगीतं पाहून पुष्कळांना वाटतं की हे सगळं बाहेरून, अलीकडे आलेलं आहे. वाद्यं आणि चाली आल्या असतील बाहेरून. पण पदावर नसलेल्या माणसांनी आपली श्रद्धा आपल्या तोंडाने सांगायची आणि चर्चची इमारत असो-नसो, मंडळी म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय टिकवायचा, ही इथली रीत फार जुनी आहे. ती ठाऊक असल्याशिवाय आजच्या तरुणांचा उत्साह नीट कळणार नाही, असं मला वाटतं.

सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लेउस्टस या ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ नावाच्या बंदरात ख्रिस्ती लोक असल्याची आणि त्यांचा बिशप इराणहून नेमून येत असल्याची नोंद केली. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानंतरची काही शतकं धूसर आहेत. पण १३२१ साली ठाण्यात घडलेली घटना मात्र तपशिलांसह आपल्यापर्यंत पोचली आहे.

तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे फ्रान्सिस्कन संघाचे चौघे आणि त्यांच्यासोबत जोर्दानुस नावाचा डोमिनिकन संघाचा (हे दोन्ही कॅथलिक संन्यासी संघ), असे पाच जण समुद्रमार्गे पूर्वेकडे निघाले होते. त्यांना जायचं होतं केरळातल्या कोल्लमला, पण जहाज ठाण्याच्या बंदराला लागलं. इथे त्यांना आसरा दिला तो नेस्टोरियन, म्हणजे रोमपासून वेगळ्या पूर्वेकडच्या परंपरेतल्या, ख्रिस्ती कुटुंबांनी. ओदोरिक हा प्रवासी मागाहून ठाण्यात आला, त्याने अशी १५ घरं असल्याचं लिहिलं आहे. चर्च होतं की नव्हतं याचा उल्लेखही करावासा त्याला वाटला नाही. त्याने मोजली ती घरं. पुढचं सगळं अशाच एका घरातून सुरू झालं. यजमान नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला, बायकोने काझीकडे तक्रार केली आणि साक्षीदार म्हणून घरी उतरलेल्या पाहुण्यांची नावं सांगितली. पाहुण्यांना बोलावणं आलं, चौकशी धर्माच्या वादापर्यंत गेली आणि एप्रिल १३२१ मध्ये चौघेही मारले गेले. जोर्दानुस त्या वेळी ठाण्यात नव्हता. परतल्यावर त्याने मृतदेह सोपाऱ्याला (आताच्या नालासोपाऱ्याला) नेऊन पुरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याने लिहिलेल्या पत्रात ठाणे ते सोपारा या पट्ट्यात ३५ जणांना बाप्तिस्मा दिल्याचा उल्लेख आहे.

चौघांतला दिमित्री धर्मगुरू नव्हता. भाषा येणारा, दुभाषाचं काम करणारा साधा बंधू होता तो. ठाण्यातल्या युथ ग्रुपांना ही गोष्ट सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं. संतांच्या कथा म्हटल्या की आपल्या मुलांना इटली-पोर्तुगाल आठवतं. रोज लोकल पकडतो त्या गावात हे घडलं, याची कल्पना फार थोड्यांना असते.

पोर्तुगीज आले ते दोनशे वर्षांनी. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहात वसई आणि आसपासचा मुलूख त्यांना दिला. मग फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या संघांचे धर्मगुरू आले, चर्च आणि शाळा उभ्या राहिल्या. ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चची परंपरा त्याच काळातली. या काळातलं प्रत्येक धर्मांतर मनापासून झालं, असं म्हणणं खोटं ठरेल. देवळं मोडली गेली, मंडपेश्वरच्या लेण्यांत चर्च झालं, सत्तेचा आणि सवलतींचा दबाव होता. आजच्या ख्रिस्ती तरुणांनी हेही जाणून घ्यायला हवं, कारण शेजारी प्रश्न विचारतात तेव्हा प्रामाणिक उत्तर देता यायला हवं.

त्याच काळात वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला, १५५६ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांकडे शिकला, पोरवयातच जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही काळ व्यापार केला आणि मग मनिलाला फ्रान्सिस्कन बंधू झाला. तोही धर्मगुरू नव्हता. दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ साली त्याला संत घोषित केलं गेलं. भारतात जन्मलेला हा पहिला संत. पालघर वेगळा होईपर्यंत, म्हणजे २०१४ पर्यंत, वसई ठाणे जिल्ह्यातच होती, त्यामुळे ठाणेकरांनी त्याला आपला म्हणण्यात काही वावगं नाही.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा काळ त्यानंतरचा आहे आणि त्याच्याविषयीच सर्वांत कमी बोललं जातं. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज अधिकारी गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक युरोपीय पाद्री गेले. मठ ओस पडले. ज्या सत्तेच्या आधाराने हा धर्म इथे वाढला ती सत्ता एका पावसाळ्याच्या तोंडावर संपली. लोक धर्म सोडतील असं कुणालाही वाटलं असतं. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी घरांतून आलेले हे ख्रिस्ती मात्र तिथेच राहिले. गोव्याच्या परंपरेतले देशी धर्मगुरू मोजकेच होते, म्हणून प्रार्थना घराघरांत आणि क्रुसापाशी टिकली. आजीने नातवंडांना जपमाळ शिकवली, गाणी तोंडी पुढे गेली. १७६० च्या सुमारास फ्रेंच प्रवासी आंकेतिल द्यु पेरों साष्टीतून (मुंबईच्या उत्तरेच्या, ठाणे असलेल्या बेटातून) गेला, तेव्हा मराठ्यांच्या अंमलात इथले ख्रिस्ती उघडपणे सण साजरे करत असल्याचं त्याला दिसलं. यातून दोन गोष्टी कळतात. पेशव्यांच्या राज्यात या लोकांना आपल्या धर्माने जगता आलं. आणि राजाश्रय गेल्यावरही श्रद्धा उरली, म्हणजे ती तोवर लोकांची स्वतःची झाली होती.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे घेतलं. या जुन्या कॅथलिक समाजाने पुढे १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. नाव इंग्रजी असलं तरी घरची बोली मराठीच राहिली. लग्नातलं उंबराचं पाणी, ऑक्टोबरातला नव्या भाताच्या आशीर्वादाचा आगेरा, गावठाणातले क्रूस, ही त्यांची ओळख. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबई-साष्टीत असे कितीतरी नवे क्रूस उभे राहिले. मे महिन्यात हे क्रूस रंगवायचे, फुलांनी सजवायचे आणि रात्री तिथे जपमाळ म्हणायची, हे काम गावठाणात बहुतेक ठिकाणी तरुणांकडेच असतं. आज ज्याला युथ मिनिस्ट्री म्हणतात ती इथे अशी सुरू होती, नाव नसताना.

प्रॉटेस्टंट धागा वेगळा आहे. ठाण्याचं सेंट जेम्स चर्च कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी झालं, १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी त्याची प्रतिष्ठापना केली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी मात्र घाटावर वाढली, मुख्यतः अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) परिसरात, अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून. तिथे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी येशूला ओवी-अभंगात आणलं. १९१७ मध्ये टिळक मिशनच्या नोकरीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, येशूवर प्रेम करणारे सगळे त्यात एकत्र यावेत, हा त्यामागचा विचार होता. दोनच वर्षांनी टिळक गेले आणि तो प्रयोग विरला, पण ‘पगारी पाळकापेक्षा प्रेम करणाऱ्यांची मंडळी मोठी’ हा सूर मराठी ख्रिस्ती मनात कायमचा राहिला.

हे घाटावरचे ख्रिस्ती ठाण्यात आले ते नोकरीसाठी. शिक्षक आले, परिचारिका आल्या, रेल्वेत आणि कारखान्यांत काम करणारे आले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट वाढली, ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने लागले. केरळहून सुरियानी परंपरेतले ख्रिस्ती आले. त्यांची संख्या इतकी वाढली की १९८८ मध्ये कल्याण हा सिरो-मलबार (केरळच्या सुरियानी परंपरेतल्या कॅथलिकांचा) धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश, निर्माण झाला. गोवा, मंगळूर, तामिळनाडूहूनही लोक आले. वसईच्या जुन्या मंडळींसाठी १९९८ मध्ये वसई धर्मप्रांत वेगळा झाला.

नवी मुंबईचं प्रकरण या सगळ्यांहून निराळं. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. योगायोग असा की त्याच वर्षी नोव्हेंबरात नागपूरला अनेक प्रॉटेस्टंट परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया तयार झालं. खाडीवरचा पूल झाला, वाशी वसली आणि सेक्टर-सेक्टरमध्ये अशी कुटुंबं येऊन राहिली ज्यांना गावठाण नव्हतं, आजोबांच्या नावाचा क्रूस नव्हता, गावातली थडगी मागे राहिली होती. चर्चची इमारत पुढची गोष्ट होती. प्रार्थना सुरू झाल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, शाळेच्या वर्गात, भाड्याच्या जागेत. सतरंजी अंथरायची, हार्मोनियम वा गिटार आणायची, उपासना संपली की खुर्च्या रचून ठेवायच्या. ही कामं अर्थातच घरातल्या मुलांवर पडली. ज्या मुलाने लहानपणी दर रविवारी खुर्च्या मांडल्या, त्याला मोठेपणी मंडळीविषयी जी आपुलकी वाटते ती आयत्या इमारतीत वाढलेल्याला वाटणं कठीण. नवी मुंबईतले युथ ग्रुप इतके घट्ट का असतात, याचं माझ्या मते हे खरं कारण.

याच सुमारास जगभरातल्या चर्चमध्येही वारं बदललं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये मातृभाषेतल्या उपासनेचा दरवाजा उघडला आणि लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) आली. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईत आंतरराष्ट्रीय युखरिस्तिक काँग्रेस (युखरिस्त म्हणजे मिस्सेतल्या पवित्र भाकरी-द्राक्षारसाच्या संस्काराभोवतीचा कॅथलिक मेळावा) भरली, पोप पॉल सहावे स्वतः आले. १९६७ मध्ये अमेरिकेत काही विद्यार्थ्यांच्या प्रार्थनेतून सुरू झालेलं कॅथलिक कॅरिस्मॅटिक नूतनीकरण १९७२ मध्ये मुंबईत पोचलं, तेही आधी छोट्या प्रार्थनागटांतून. टाळ्या वाजवत गाणं, उत्स्फूर्त प्रार्थना, उभं राहून साक्ष देणं ही सवय कॅथलिक तरुणांना तिथून लागली. १९८० च्या दशकात मुंबई महाधर्मप्रांताने शेजारपाजारच्या घरांचे लहान ख्रिस्ती समूह बांधायला घेतले. १९८५ च्या आसपास केरळात जीझस यूथ ही चळवळ उभी राहिली आणि मल्याळी कुटुंबांबरोबर ती इकडेही आली. २०१६ मध्ये व्हॅटिकनने तिला मान्यता दिली.

श्रद्धा सांगण्याचा विषय निघाला की कायद्याचा निघतोच. संविधानाच्या २५ व्या कलमात धर्म पाळण्या-आचरण्याबरोबर त्याचा प्रचार करण्याचाही हक्क आहे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर जोरदार चर्चा झाली. टी. टी. कृष्णम्माचारींनी प्रचाराच्या हक्काला पाठिंबा दिला आणि आपण सुमारे १४ वर्षं ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपलं धर्मांतर करण्याचा प्रयत्न कधीही झाला नाही, असं सांगितलं. पुढे १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडण्याचा हक्क. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. प्रत्येक युथ ग्रुपने हे दोन्ही एकदा शांतपणे वाचावं. आपला अनुभव सांगणं, विचारलं तर उत्तर देणं, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जाणं यात लपवण्यासारखं काही नाही. आमिष, भीती, दुसऱ्याच्या देवाची निंदा यांना त्यात जागा नाही, आणि कायदा नसता तरी नसतीच.

आता साक्ष मोबाइलवर आली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संत घोषित झालेला कार्लो अकुतिस १५ व्या वर्षी गेला. संगणकावर काम करत त्याने युखरिस्ताच्या चमत्कारांची माहिती जमवून सगळ्यांसाठी खुली केली होती. जीन्स घातलेल्या त्या मुलाचं चित्र इथल्या तरुणांना फार जवळचं वाटतं आणि ते योग्यच आहे. मला काळजी वाटते ती भाषेची. इंग्रजी शाळांत वाढलेल्या ईस्ट इंडियन आणि नगरी घरांतल्या मुलांना इंग्रजी स्तुतिगीतं तोंडपाठ असतात, पण टिळकांचा एखादा अभंग पूर्ण म्हणता येत नाही. शेजारच्या मराठी घरात नाताळचा आनंद पोचवायचा तर तो मराठीतच पोचतो. कॅरोलच्या यादीत इंग्रजी गाण्यांच्या बरोबरीने मराठी गाणी ठेवणारे गट आहेत. त्यांची संख्या वाढायला हवी आणि आजी-आजोबांकडच्या तोंडी गाण्यांचं रेकॉर्डिंग त्यांनी आजच करायला हवं.

कॅथलिक तरुणांचा जगभरातला मेळावा, म्हणजे पुढचा जागतिक युवा दिन, ऑगस्ट २०२७ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला आहे. तिकडे जाणं थोड्यांनाच परवडेल. बाकीच्यांसाठी धर्मप्रांतांतला युवा दिन २०२१ पासून नोव्हेंबरात, ख्रिस्तराजाच्या सणाच्या रविवारी येतो, म्हणजे ठाणे-नवी मुंबईत कॅरोलच्या तालमी सुरू होतात त्याच दिवसांत.