लाइट गेली, पण कोणती?

मे महिन्यातली दुपार. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आई मिक्सरमध्ये आमरस फिरवत होती. घरघर एकदम थांबली, पंखा मंदावत गेला आणि आई म्हणाली, "लाइट गेली." खिडकीतून ऊन थेट ओट्यावर आलं होतं, डब्यांच्या झाकणांकडे बघवत नव्हतं. सात वर्षांची भाची म्हणाली, "अगं आजी, लाइट तर आहे की!"

दोघीही बरोबर होत्या. घराघरांत वीज शिरली ती दिव्याच्या निमित्ताने, म्हणून दिव्याचं नाव विजेलाच चिकटलं. पुढे पंखा आला, फ्रिज आला, तरी बिल 'लाइट बिल'च राहिलं. पुण्याकडे 'लाइट गेले' असंही ऐकू येतं; आमच्या कानांवर दिवसभर शेजारची गुजराती 'लाइट गई' पडते, त्यामुळे आमच्याकडे ती 'गेली'. बल्ब गेला की मात्र 'लाइट उडाला'. वीज स्त्रीलिंगी, दिवा पुल्लिंगी, तसाच लाइटही! उसन्या शब्दाचे दोन अर्थ मराठीने नुसत्या लिंगाने वेगळे केले, हे मला फार सुंदर वाटतं.

दिव्यापासून वीज, उजेडापासून 'लाइट कलर', असा एका अर्थातून दुसरा फुटत जातो तेव्हा त्याला अनेकार्थता म्हणतात. पण 'लाइट जेवण' यातला लाइट असा फुटलेला नाही. तो मुळातच वेगळा शब्द आहे, आणि खरी गंमत इथे आहे.

उजेडाच्या लाइटचं मूळ हजारो वर्षांपूर्वीच्या एका धातूत, म्हणजे क्रियापदाच्या मूळ रूपात आहे; त्याचा अर्थ चमकणं. संस्कृतात त्याच धातूचा 'रुच्' झाला. 'रुची' म्हणजे आधी तेज, मग आवड, मग चव. फारसीत त्यातूनच दिवस या अर्थाचा 'रोज' आला, तो आपण रोज वापरतो. हलकेपणाच्या लाइटचा भाऊबंद म्हणजे संस्कृत 'लघु'. प्राकृतात 'लघु'चं 'लहु' झालं, पुढे ल आणि ह यांनी जागा बदलल्या आणि आपलं 'हलकं' तयार झालं. फुप्फुसाला इंग्रजीत 'लंग' म्हणतात, तोही याच घरातला, कारण हा अवयव वजनाला हलका. जर्मन भाषेने ही दोन घरं आजही वेगळी ठेवली आहेत: उजेड 'लिश्त', हलका 'लाइश्त'. इंग्रजीत मात्र दोन्ही शब्द एकाच उच्चारावर येऊन थांबले.

मग ऐकणाऱ्याचा गोंधळ का होत नाही? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ साली याचा एक देखणा प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजीत 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून बोलणं ऐकायचं यंत्रही. लोकांना एका खोलीतल्या कोळ्यांचं, झुरळांचं आणि 'बग'चं वर्णन ऐकवलं. म्हणजे अर्थ किडाच, शंकेला जागा नाही. 'बग' कानावर पडताच समोर पडद्यावर एक शब्द दाखवला. तो खरा शब्द आहे की नुसती अक्षरं, एवढंच सांगायचं. 'मुंगी' लोकांनी चटकन ओळखली, यात नवल नाही. पण 'हेर'ही तितक्याच चटकन ओळखला! ऐकवलेलं वाक्य 'बग'नंतर तीनच उच्चारी अक्षरं पुढे गेल्यावर तपासलं, तर 'हेर'ची ती घाई संपली होती, 'मुंगी'ची टिकून होती. संदर्भ कितीही स्पष्ट असो, मेंदू आधी दोन्ही अर्थ उचलतो आणि एक सेकंद उलटायच्या आत नको तो टाकून देतो. आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

भाषेचे अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली दाखवून दिलं होतं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. साहजिकच आहे. हाताशी असलेलं भांडंच आपण दहा कामांना घेतो.

अर्ध्या तासाने पंखा फिरला. आई म्हणाली, "आली बाई लाइट! रस एवढा झालाय, रात्री जेवण लाइटच करू." भाची वाटी चाटत होती. तिने मानही वर केली नाही.